नहूमावर बोलण्यापूर्वी: एका तरुण विद्यार्थिनीस पत्र

चि. विद्यार्थिनीस,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोचले. येत्या महिन्यात तरुण संघाच्या अभ्यासवर्गात बायबलच्या जुन्या करारातील संदेष्टा नहूम याच्या पुस्तकावर बोलण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, आणि पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात परमेश्वर सूड घेणारा आहे असे तीनदा म्हटलेले वाचून तू थांबलीस. देवाच्या प्रीतीविषयी इतके शिकवून झाल्यावर हे वचन त्याच मुलांपुढे कसे वाचावे, ते गाळून पुढे गेले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. गाळू नकोस. ते गाळले तर ज्या माणसांसाठी ते लिहिले गेले ती माणसेही गाळली जातील, आणि ती तशीही इतिहासातून पुष्कळदा गाळली गेली आहेत.

संदेष्ट्यांच्या तोंडी येणारा देवाचा सूड समजून घ्यायचा, तर प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी शोधाव्या लागतात: कोणाच्या रक्ताचा जाब तिथे विचारला जात आहे, आणि तो जाब विचारण्याचा अधिकार कोणाच्या हातून काढून घेतला जात आहे. बहुतेक वाचक पहिली गोष्ट न पाहता देवाला क्रूर ठरवून मोकळे होतात. काही जण दुसरी न पाहता ती वचने आपल्या वैऱ्यांवर उगारतात. मला या दुसऱ्या वाचनाची अधिक भीती वाटते, म्हणून त्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

आधी निनवे, म्हणजे अश्शूरची राजधानी, जिच्याविरुद्ध नहूमाचे पुस्तक आहे. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्यावर, म्हणजे ज्याची राजधानी यरुशलेम त्या राज्यावर, चालून आला. तटबंदीची ४६ नगरे घेतली आणि २,००,१५० माणसे तिथून बाहेर काढली, अशी फुशारकी त्याने स्वतःच्या कोरीव लेखात मारली आहे. हिज्कीया राजाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे यरुशलेमेत कोंडले, असेही तो म्हणतो. त्या नगरांपैकी लाखीश कसे पडले, हे त्याने निनवेच्या राजवाड्यातील एका दालनाच्या भिंतींवर दगडात कोरवून घेतले. ऑस्टेन हेन्री लेयार्ड यांनी एकोणिसाव्या शतकात तो राजवाडा खणून काढला आणि आज ते शिल्पपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची छायाचित्रे सहज मिळतात. बोलायला उभी राहण्यापूर्वी ती सावकाश पाहा. तटाबाहेर खुंटांवर रोवलेली माणसे आहेत. दोघांना जमिनीवर ताणून बांधले आहे आणि सैनिक त्यांची कातडी सोलत आहेत. दुसरीकडे बैलगाडीवर बोचकी लादून कुटुंबे निघाली आहेत, आणि त्या सामानावर बायका-मुले बसली आहेत. राजा उंच आसनावर बसून समोरून जाणारी लूट न्याहाळत आहे. हे चित्र अश्शूरच्या शत्रूंनी त्याची बदनामी करण्यासाठी काढलेले नाही. राजाने ते आपल्या गौरवासाठी, आपल्या घराच्या भिंतीवर करवून घेतले आहे.

नहूम ज्या नगरीला ‘रक्तपाती’ म्हणतो ती ही. त्याच्या तिसऱ्या अध्यायात नो-आमोन, म्हणजे मिसरातील थीब्ज, पडल्याचा उल्लेख आहे, ते इ.स.पू. ६६३ मध्ये अश्शूरच्या हाती पडले. निनवे स्वतः इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेल आणि मेदी यांच्या सैन्यापुढे कोसळले. या दोन तारखांच्या मधल्या काळात, अश्शूरच्या टाचेखाली असलेल्या एका लहानशा राज्यात हा संदेष्टा बोलत आहे. थीब्जविषयी बोलताना तो तिथल्या तान्ह्या मुलांचा उल्लेख करतो, ज्यांना रस्त्यांच्या तोंडाशी आपटले गेले. ती मुले मिसरी आहेत, इस्राएलाची नाहीत, तरीही त्यांचा हिशेब या पुस्तकात आला आहे. शेवटच्या वचनात नहूम निनवेला सांगतो की तुझी बातमी ऐकणारा प्रत्येक जण टाळ्या वाजवील, आणि लगेच विचारतो की तुझ्या अखंड दुष्टतेची झळ लागली नाही असा कोण उरला आहे? त्या टाळ्या मला आवडत नाहीत. पण ज्यांच्या घरातली माणसे त्या खुंटांवर गेली, त्यांनी कोणत्या भाषेत प्रार्थना करायला हवी होती, हे सुरक्षित घरात बसून ठरवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही, आणि तूही घेऊ नयेस अशी माझी विनंती आहे. त्या काळी अश्शूरच्या सम्राटावर फिर्याद ऐकेल असे न्यायासन पृथ्वीवर कुठेच नव्हते. देव सूड घेतो, या वाक्याचा त्या लोकांच्या कानी पडणारा अर्थ असा होता की न्यायासन आहे, आणि सम्राटालाही त्याच्यापुढे उभे राहावे लागेल.

मात्र एवढ्यावर थांबलीस तर संदेष्टे तुला अर्धेच कळतील, कारण परक्या साम्राज्याविरुद्ध गर्जना करणे कोणत्याही दरबारी भाटाला जमते. आमोस संदेष्ट्याकडे ये. तो यहूदातल्या तकोवा गावचा मेंढपाळ, पण बोलायला गेला उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात, बेथेलच्या राजमान्य मंदिरात, दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय मोठ्याने वाचून पाहा. दिमिष्काने गिलादाच्या लोकांना मळणीच्या लोखंडी अवजारांखाली रगडले. गज्जाने गावेच्या गावे गुलाम म्हणून अदोमाला विकली. अम्मोन्यांनी सीमा वाढवण्यासाठी गर्भवती स्त्रियांची पोटे चिरली. एकेका शेजाऱ्याचे नाव येत जाते आणि ऐकणाऱ्यांना बरे वाटत असणार. मवाबापाशी क्षणभर थांब: त्याचा अपराध असा की त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केला. इथे अपराधीही इस्राएल नाही आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोही इस्राएल नाही, उलट अदोम तर इस्राएलाचा पिढीजात वैरी. तरी परमेश्वर त्या राजाच्या मृतदेहाच्या विटंबनेचा जाब मागतो. टोळीच्या देवाला ही उठाठेव करण्याचे कारण नव्हते.

मग यहूदाचे नाव येते, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत जास्त वेळ, खुद्द समोर बसलेल्या इस्राएलाचे. त्यांचे अपराध युद्धातले नाहीत. त्यांनी वहाणांच्या एका जोडासाठी गरिबाला विकले आहे. गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून ते वेदीशेजारी पहुडतात आणि दंडापोटी वसूल केलेला द्राक्षारस देवाच्या मंदिरात पितात. गहाण वस्त्राविषयी नियमशास्त्र स्पष्ट आहे: निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात म्हटले आहे की गरिबाचे वस्त्र गहाण घेतलेस तर सूर्य मावळण्यापूर्वी परत कर, त्याला पांघरायला दुसरे काही नाही, आणि त्याने माझा धावा केला तर मी ऐकेन. या ‘मी ऐकेन’चे वजन किती, ते कळावे म्हणून एका खापराची हकीगत सांगतो. मसद हशव्याहू नावाच्या समुद्राजवळच्या एका जुन्या किल्ल्यात १९६० मध्ये इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचे, हिब्रू मजकूर असलेले एक खापर सापडले. त्यावर शेतात कापणी करणाऱ्या एका मजुराचा अर्ज आहे. नेमून दिलेली कापणी मी पुरी केली, धान्य साठवले, तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझे वस्त्र नेले. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊबंद साक्ष देतील की माझा काही दोष नाही. अधिकाऱ्याने मला माझे वस्त्र परत द्यावे. अर्जाचे पुढे काय झाले हे खापर सांगत नाही. आमोसाच्या पुस्तकात ज्या देवाचा क्रोध पेटतो तो असे अर्ज वाचणारा देव आहे, हे तुझ्या वर्गाला एवढ्या एका खापरावरून समजावता येईल.

आमोसाच्या तिसऱ्या अध्यायातले दुसरे वचन तर अधोरेखित करून ठेव: पृथ्वीवरील सर्व कुळांमधून मी तुम्हांलाच ओळखले, म्हणून तुमच्या सर्व पापांचे शासन मी तुम्हांला करीन. निवड झाली म्हणजे सवलत मिळाली, असे समजणाऱ्यांना हे वचन पचत नाही. बेथेलचा याजक अमस्या याला तर आमोसच पचला नाही. हे राजाचे पवित्रस्थान आहे, तू यहूदात जाऊन तिकडे भाकर खा आणि तिकडेच संदेश दे, असे त्याने सुनावले. पुढे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर विचारतो, अशा राष्ट्राचा सूड मी घेऊ नये काय? तिथे ‘अशा राष्ट्राचा’ म्हणजे बाबेलाचा नव्हे, यरुशलेमेचा; आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस हा प्रश्न पुन्हा येतो तो अनाथांचा आणि दरिद्र्यांचा न्याय न करणाऱ्या धष्टपुष्ट लोकांविषयी बोलताना. सूडाची भाषा सर्वांत आधी घरच्यांना ऐकावी लागते, हा संदेष्ट्यांचा शिरस्ता आहे. तुझ्या बोलण्यातही तो क्रम मोडू देऊ नकोस.

आता दुसरी गोष्ट, हाताची. सूड घेणे माझ्याकडे आहे, असे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, आणि लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा ज्या वचनात आहे त्याच वचनात, सूड उगवू नको असे माणसाला सांगितले आहे. ही दोन वचने एकमेकांना धरून आहेत. ज्याला ठाऊक आहे की आपली फिर्याद नोंदवली गेली आहे, त्याला स्वतः शस्त्र उचलावे लागत नाही. यिर्मयाचे आयुष्य याची साक्ष देते. अनाथोथ हे त्याचे स्वतःचे गाव, तिथल्या माणसांनी त्याच्या जिवावर उठायचे ठरवले. पशहूर याजकाने त्याला मारून खोड्यात अडकवले. त्याने जे मागितले ते ऐकवत नाही इतके कडू आहे, अठराव्या अध्यायात तर शत्रूंच्या मुलांना दुष्काळाच्या हवाली कर असेही तो म्हणतो. पण हे सगळे तो देवाला म्हणतो, मी माझा वाद तुझ्यापुढे मांडला आहे असे म्हणून तिथेच ठेवून देतो. याच यिर्मयाने बाबेलात नेलेल्या बंदिवानांना पत्र पाठवले की घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि त्याच्याच पुस्तकात, एक्कावन्नाव्या अध्यायाच्या शेवटी, बाबेलाच्या नाशाचे सर्व शब्द लिहिलेली गुंडाळी तो बाबेलास निघालेल्या सराया नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती देतो: बाबेलात पोचल्यावर ही वाच, मग हिला धोंडा बांध आणि फरात नदीच्या मध्यभागी टाकून दे. प्रार्थनेचे पत्र लोकांच्या हाती राहते आणि सूडाची गुंडाळी नदीच्या तळाशी जाते. ती कोणत्याही बंडखोर टोळीला फर्मान म्हणून दिलेली नाही. संदेष्ट्यांच्या सूडविचाराचे याहून स्पष्ट चित्र मला ठाऊक नाही, आणि तुझ्या वर्गात वेळ कमी पडला तर बाकी काही सोड, पण हे सांग.

देवाच्या नावाने हात उचलणाऱ्यांचे काय होते, तेही पाहा. इस्राएलाचा सेनापती येहू याला अलीशा संदेष्ट्याने पाठवलेल्या तरुणाने तेल ओतून राजा म्हणून अभिषेक केला आणि अहाब राजाच्या घराण्याचा नाश करण्यास सांगितले; येहूने इज्रेलात रक्ताचे पाट वाहवले आणि आपला आवेश परमेश्वरासाठी आहे असे अभिमानाने मिरवले. सुमारे शंभर वर्षांनी होशेय संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या आरंभीच परमेश्वराचा शब्द ऐकतो की इज्रेलातील रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करीन. राजांच्या पुस्तकात येहूची पाठ थोपटलेली दिसते आणि होशेयात त्याच रक्ताचा जाब येतो. या दोन्ही वचनांची सांगड घालण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत, पण मला वाटते की होशेयाचे म्हणणे जसेच्या तसे ऐकावे. यशयाच्या दहाव्या अध्यायातही हीच रीत आहे: अश्शूर माझ्या क्रोधाची काठी आहे असे देव म्हणतो, आणि लगेच त्या काठीला तिच्या घमेंडीबद्दल शिक्षा सुनावतो, कारण तिच्या मनात न्याय नव्हता, राष्ट्रे नाहीशी करण्याची हाव होती.

एक वचन माझ्या या मांडणीत सरळ बसत नाही, ते तुझ्यापासून लपवणार नाही. यहेज्केलाच्या पंचविसाव्या अध्यायात अदोम आणि पलिष्टी यांच्यावर आरोपच असा आहे की त्यांनी सूड उगवला. सूडबुद्धी हाच तिथे अपराध आहे. पण अदोमाविषयी पुढे म्हटले आहे की मी त्याचा सूड माझ्या इस्राएल लोकांच्या हातून घेईन. कोणी हे वचन काढले, तर ते आहे असे सांग. त्याच अध्यायातली बाकीची शासने देव स्वतःच्या हाताने किंवा पूर्वेकडील लोकांच्या हातून करतो हेही दाखव, आणि एका वचनावर कोणत्याही समाजाने आपल्या शस्त्रांचा परवाना उभारू नये, हे ठामपणे म्हण. आजच्या कोणत्याही राष्ट्राला किंवा शेजारच्या कोणत्याही धर्माच्या लोकांना ‘निनवे’ किंवा ‘अदोम’ असे नाव देऊन बोलणाऱ्याला तुझ्या वर्गात थारा देऊ नकोस. मी अशी भाषणे ऐकली आहेत. त्यांत आमोसाचा क्रम उलटा केलेला असतो: घरच्या पापाचा उच्चार नाही, आणि शेजाऱ्याच्या नाशाची घाई.

याहून कठीण जागा आहेत. यशयाच्या तेराव्या अध्यायात बाबेलातली बालके आईबापांच्या डोळ्यांदेखत आपटली जातील असे आहे. नहूम निनवेला वस्त्रे फेडलेल्या स्त्रीच्या रूपात उभी करतो. यहेज्केलाच्या नवव्या अध्यायात म्हाताऱ्यांपासून लहान मुलांपर्यंत सर्वांना मारण्याची आज्ञा आहे, कपाळावर खूण असलेल्यांखेरीज. नगर पडले की त्या काळी खरोखर असेच होत असे, आणि करार मोडणाऱ्यावर येणाऱ्या शापांची भाषा अश्शूरी तहनाम्यांतही अशीच भयानक असे, हे सांगता येते आणि सांगावे. तेवढ्याने त्या बालकांचा प्रश्न सुटत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारले की स्त्रीच्या विटंबनेचे रूपक देवाच्या तोंडी का घातले, तर तिला गप्प करू नकोस आणि घाईने देवाची वकिलीही करू नकोस. तिला जे खटकले ते न्यायाच्या जाणिवेमुळेच खटकले, आणि ती जाणीव तिला याच संदेष्ट्यांनी दिली असण्याची शक्यता मोठी आहे.

शिवाय हे संदेष्टे शिक्षा सांगताना कोरड्या डोळ्यांनी उभे नाहीत. टोळांचा आणि अग्नीचा दृष्टांत दिसताच आमोस मध्ये पडतो, याकोब, म्हणजे इस्राएल, लहान आहे, तो कसा टिकेल, असे म्हणतो, आणि दोन्ही वेळा देव मागे सरतो. यशयाच्या सोळाव्या अध्यायात शासन मवाबाचे आहे, आणि त्या शत्रूच्या द्राक्षमळ्यांसाठी बोलणारा आपल्या अश्रूंनी हेशबोनाला भिजवतो. होशेयाच्या अकराव्या अध्यायात तर देव स्वतःशीच झगडतो: एफ्राईमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडून देऊ? मी आपल्या क्रोधाप्रमाणे करणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. आपण समजतो की देव म्हणजे ज्याला सूड पुरा करता येतो तो. होशेयाला तो देव यासाठी वाटतो की आपला क्रोध आवरणे त्यालाच जमते.

म्हणून माझे असे सुचवणे आहे की नहूम एकटा वाचू नकोस, योनाबरोबर वाच. दोन्ही पुस्तके निनवेविषयी आहेत आणि दोन्ही प्रश्नाने संपतात. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला आपले वर्णन सांगतो: दयाळू, मंदक्रोध, तरी अपराध्याला निर्दोष न ठरवणारा. नहूम त्यातून मंदक्रोध आणि निर्दोष न ठरवणे एवढे उचलतो. योना दया आणि मंदक्रोध उचलतो, तेही तक्रार म्हणून, कारण देवाने निनवेचा नाश केला नाही याचा त्याला संताप आला आहे. योनाच्या पुस्तकाची बाजू सोपी करून सांगू नकोस. लाखीशच्या त्या बैलगाडीवरच्या मुलांनी मोठेपणी ही गोष्ट ऐकली असती तर त्यांनाही योनासारखेच वाटले असते. त्या नगरात उजवाडावा हात न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, असे देव म्हणतो तेव्हा तो सन्हेरीबाचे गुन्हे माफ करत नाही. सन्हेरीबाच्या नगरातही सन्हेरीब नसलेली माणसे राहतात, याची तो आठवण देतो. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, दुपारच्या उपासनेत हे पुस्तक वाचतात. आपल्या कोकणातून आलेल्या बेने इस्राएल कुटुंबांतही हा दिवस उपवासाने पाळला जातो. स्वतःच्या पापाची कबुली देण्याच्या दिवशी शत्रूच्या सुटकेची गोष्ट वाचायची, ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे.

शेवटी एक प्रश्न नक्की येईल, त्याची तयारी करून जा. कोणीतरी म्हणेल की हा जुन्या कराराचा देव झाला, येशूने ते सगळे बदलले. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा ख्रिस्ती शिक्षक असेच म्हणत होता आणि ख्रिस्ती मंडळीने त्याला नाकारले. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायातून वाचले आणि ‘आपल्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ या शब्दांच्या आधीच ग्रंथ गुंडाळला, हे खरे आहे, आणि ते तुझ्या वर्गाला दाखवण्यासारखे आहे. पण ऐकणारे लोक त्यानंतर लगेच खवळले नाहीत. सारफथची विधवा आणि सुरियाचा नामान या परक्यांवर देवाने दया केली, असे त्याने म्हटल्यावर ते त्याला कड्यावरून लोटायला निघाले. लूकाच्या अठराव्या अध्यायातली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाऊन माझ्या प्रतिवादीविरुद्ध माझा न्याय करा असे म्हणते, आणि येशू तिची बाजू घेतो. रात्रंदिवस हाक मारणाऱ्या आपल्या निवडलेल्यांचा न्याय देव करणार नाही काय, असे तो विचारतो. त्या विधवेला आणि मसद हशव्याहूच्या मजुराला शेजारी बसवून तुझे टिपण तयार कर, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत मला पाठव. हबक्कूक संदेष्ट्याचा पहिला अध्याय कुठे घ्यावा, ते टिपण पाहून कळवीन.

तुझा हितचिंतक